नव्या गाडीचा लांबचा प्रवास आणि वेगाचं गणित

दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडली आणि स्टाफरूममध्ये पहिला प्रश्न आला, "सर, ॲव्हरेज किती देते?" दुसरा प्रश्न, "समृद्धीवर किती पळवली?" दोन्ही प्रश्न बरोबरच आहेत, गाडी घेतली की हेच विचारतात. पण दोन्हींची उत्तरं एका आकड्यात देता येत नाहीत. शिवाय या प्रवासात मला जे सगळ्यात महत्त्वाचं वाटलं, ते या दोन प्रश्नांत कुठेच येत नाही. म्हणून जरा सविस्तर लिहितो. आठवी ते दहावीच्या गणित-विज्ञान शिक्षकांना यातले काही हिशेब वर्गात वापरता येतील. पालकांनी निदान मागच्या सीटबद्दलचा भाग तरी वाचावा ही विनंती.

गाडीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, जाहिरात करायची नाही. चार मीटरच्या आतली, १२०० सीसीची, पेट्रोलवर चालणारी साधी गाडी आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून अशा छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला, आणि आपल्या भागात दसऱ्याला किती जणांच्या दारात नवी गाडी आली ते तुम्ही पाहिलंच आहे. त्यातलीच आमची एक. हजार किलोमीटर झाले, पहिली सर्व्हिस झाली आणि भाऊबीजेला राजुऱ्याहून नाशिकला बहिणीकडे निघालो. गाडीत पाच जण होतो. मी, पत्नी, सातवीतला मुलगा, पाच वर्षांची मुलगी आणि आई.

मार्ग असा. वर्धा नदीचा पूल ओलांडून बामणी, बल्लारपूर, चंद्रपूर, भद्रावती, वरोरा, हिंगणघाट, वर्धा, आणि येळाकेळीला समृद्धी महामार्गावर चढायचं. तिथून थेट सिन्नरजवळ उतरायचं. ७०१ किलोमीटरच्या या महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला आणि इगतपुरीच्या पुढचा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ ला. एक सूचना जाता जाता. राष्ट्रीय महामार्गांसाठी २०२५ मध्ये जो तीन हजारांचा वार्षिक फास्टॅग पास निघाला, तो समृद्धीवर चालत नाही. आमचा एका बाजूचा टोल हजाराच्या वर गेला.

शांत गाडी

आधी गाडीबद्दल. आमची जुनी गाडी ऐंशीच्या पुढे गेली की स्टिअरिंग थरथरायचं, काचा खुळखुळायच्या, बोलायला आवाज चढवावा लागायचा. गाडी स्वतःच सांगायची की बाबा, आता पुरे. नवी गाडी ११० ला गेली तरी मागून आईचा घोरण्याचा आवाज स्पष्ट येतो! काच बंद, एसी चालू, रस्ता सरळ, समोर वळण नाही, सिग्नल नाही. वर्ध्याच्या पुढे अर्ध्या तासात शंभरचा वेग साठसारखा वाटायला लागतो.

नव्या गाडीची हीच सगळ्यात मोठी सोय आहे आणि माझ्या मते हाच सगळ्यात मोठा धोका. वेग कानाला आणि हाताला कळायचा बंद होतो. मग तो मोजावा लागतो. २०१९ च्या जुलैपासून नव्या गाड्यांत ऐंशीच्या पुढे बीप वाजण्याची सोय सक्तीची झाली, ती यासाठीच. १२० च्या पुढे तर ती सलग वाजते. काही जण ती वायर काढून मागतात. कृपया मागू नका.

बाकी गोष्टी थोडक्यात. सीटची उंची आईच्या गुडघ्यांना मानवली, चढता-उतरताना हात द्यावा लागला नाही. एसीने दुपारीही काम चोख केलं. डिक्की पाच जणांच्या सामानाला पुरली, पण फराळाचे डबे पायाशी आले. खड्ड्यांत मात्र गाडी जरा कडक आहे, आणि चंद्रपूरच्या अलीकडे कोळशाच्या ट्रकांनी रस्त्याची जी अवस्था केली आहे, तिथे मागच्या सीटवर ते जाणवतं. स्टेपनी इतर चाकांपेक्षा बारीक आहे आणि तिच्यावर ८० ची मर्यादा छापलेली आहे. अशी स्टेपनी लावून समृद्धीवर शंभरने जायचं नसतं. गाडी ताब्यात घेताना हे आम्हाला कोणी सांगितलं नाही, स्टिकर वाचून कळलं.

आता मोजण्याबद्दल. मुलाला मी एक काम दिलं. रस्त्याच्या कडेला किलोमीटरचे फलक असतात. मोबाईलवर स्टॉपवॉच लाव, पाच किलोमीटरला किती वेळ लागतो ते सांग. मी काटा शंभरवर धरला. वेळ आला ३ मिनिटं ९ सेकंद, म्हणजे १८९ सेकंद. पाच भागिले १८९, गुणिले ३६००. उत्तर ९५.२. काटा शंभर दाखवत होता आणि गाडी पंच्याण्णवने चालली होती. हा गाडीचा बिघाड नाही. वेग खऱ्यापेक्षा कमी दाखवायचा नाही असा नियम असल्यामुळे कंपन्या काटा थोडा पुढेच ठेवतात. मोबाईलच्या जीपीएसवरही तोच आकडा आला. हे सगळं काम मागच्या सीटवरच्या मुलाचं, चालवणाऱ्याचं नाही.

ॲव्हरेज किती देते?

जाताना मी समृद्धीवर काटा ११० ते ११५ च्या दरम्यान ठेवला. येताना ठरवून ९०. दोन्ही वेळा वर्ध्याच्या एकाच पंपापासून सिन्नरच्या एकाच पंपापर्यंत टाकी फुल्ल करून मोजलं, मध्ये घेतलेलं पेट्रोल त्यात मिळवलं. अंतर ५२० किलोमीटर.

जाताना लागलं ३३.८ लिटर, म्हणजे लिटरला १५.४. येताना २६.५ लिटर, म्हणजे १९.६. तीच गाडी, तेच पाच जण, तोच रस्ता. फरक ७.३ लिटरचा.

इथे हुशार विद्यार्थी हात वर करेल आणि त्याने करावाच. सर, वर्धा खाली आहे आणि सिन्नर वर आहे! बरोबर. दोन्हींत साधारण चारशे मीटरचा फरक आहे. म्हणजे जाताना गाडी चढत होती आणि येताना उतरत होती, वेगाशिवाय हाही फरक होता. मग तोही मोजू. गाडी, माणसं आणि सामान मिळून १३०० किलो धरू. स्थितिज ऊर्जा म्हणजे वस्तुमान गुणिले गुरुत्वत्वरण गुणिले उंची. १३०० × ९.८ × ४०० म्हणजे सुमारे ५१ लाख ज्यूल. एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण तीन कोटी ज्यूल असतात, पण इंजिन त्यातला चौथा हिस्साच चाकापर्यंत पोचवतं, म्हणजे ७५ लाख. तेव्हा चढायला लागलं सुमारे ०.७ लिटर, आणि उतरताना फार तर तेवढंच वाचलं. एकूण १.४ लिटर उंचीच्या खात्यात टाकले तरी जवळजवळ सहा लिटर उरतात. ते वेगाचे.

वेग वाढला की हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. ११५ चा वर्ग १३२२५, ९० चा ८१००. गुणोत्तर १.६३. वेग सव्वापटीच्या आसपास वाढला आणि हवेचा विरोध दीडपटीहून जास्त. सायकलवर समोरून वारा असताना पोरांना हे पायात कळतं, गाडीत ते टाकीत कळतं.

आणि वेळ किती वाचला? थांबे वगळून जाताना ४ तास ५५ मिनिटं, येताना ६ तास ५ मिनिटं. सत्तर मिनिटं वाचली. सहा लिटरचे सव्वासहाशे रुपये झाले. ते कोणाला महाग वाटेल, कोणाला स्वस्त. त्यावर माझं काही म्हणणं नाही, वेगाची खरी किंमत पुढे आहे.

त्याआधी ॲव्हरेजची एक गंमत. १५.४ आणि १९.६ यांची सरासरी मुलं १७.५ काढतात. पण एकूण अंतर १०४० आणि एकूण पेट्रोल ६०.३, भागाकार १७.२५. सरासऱ्यांची सरासरी काढायची नसते हे फळ्यावर समजावताना दमायला होतं, टाकीच्या हिशेबात एका मिनिटात कळतं. कागदावर कंपनीने लिहिलेला आकडा याहून बराच मोठा आहे. त्यात फसवणूक नाही. ती चाचणी रोलरवर, एसी बंद ठेवून होते आणि त्यात वेग ९० च्या वर जातच नाही. शिवाय आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं, आणि इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलच्या दोनतृतीयांशच. गाडीच्या पडद्यावर दिसणारं ॲव्हरेजही टाकीच्या हिशेबापेक्षा लिटरमागे एखादा किलोमीटर जास्तच होतं. भरवसा टाकीवर ठेवावा.

टायरमधली हवा

"उन्हाळ्यात हवा कमी ठेवा, नाहीतर टायर फुटतो" हे आपल्याकडे जो तो सांगतो. चंद्रपूरचा पारा ४७ च्या वर जातो, त्यामुळे सल्ला खराही वाटतो. पण तो उलटा आहे.

पहाटे निघताना घरी हवा मोजली, ३३. तापमान होतं २२ अंश. जालन्याजवळ थांबलो तेव्हा त्याच टायरमध्ये ३८ निघाली. तिथे पंपावरचा मुलगा म्हणाला, "पाच काढून टाकतो." नको म्हटलं. हवा तापली की दाब वाढणारच, आकारमान तेवढंच राहिलं तर दाब केल्व्हिन तापमानाच्या प्रमाणात वाढतो. इथे मुलं हमखास चुकतात. मीटर वातावरणाच्या दाबाच्या वरचाच दाब दाखवतो, म्हणून दोन्हीकडे १४.७ मिळवावे लागतात. ३३ चे होतात ४७.७ आणि ३८ चे ५२.७. तापमान २९५ केल्व्हिन × ५२.७ ÷ ४७.७ म्हणजे ३२६ केल्व्हिन, अर्थात ५३ अंश. टायर न उघडता आतल्या हवेचं तापमान निघालं. हे उदाहरण मला फार आवडलं.

कंपनी जो दाब सांगते तो थंड टायरचा असतो आणि ही वाढ त्यात धरलेली असते. गरम टायरमधून हवा काढली की तो मऊ पडतो, प्रत्येक फेऱ्यात बाजूने जास्त दबतो. तार दोन्हीकडे वाकवत राहिली की वाकल्या जागी गरम होते, तसंच हे. मऊ टायर जास्त तापतो, आणि फुटणारा टायर बहुतेक वेळा असाच तापलेला किंवा घासलेला असतो. दरवाजाच्या आतल्या बाजूला दाबाचा स्टिकर असतो. तिथे भरलेल्या गाडीचा आकडा वेगळा दिलेला असतो, तो बघून सकाळीच हवा भरावी.

मागची सीट

निघताना घरात थोडा वाद झाला. मुलीसाठी मी उंच बैठक आणली होती, तिच्यावर बसवलं की पट्टा गळ्याला न लागता खांद्यावरून जातो. आई म्हणाली, "कायले त्या पोरीले बांधून ठेवतं? दे माह्या मांडीवर." यात माया आहे, चूक काही नाही. तिने आम्हाला एसटीत, बैलगाडीत असंच मांडीवर घेऊन वाढवलं. पण गाडीचा वेग बैलगाडीचा नाही.

मुलीचं वजन १८ किलो. गाडी ५० च्या वेगात, म्हणजे सेकंदाला १३.९ मीटर, आणि कशावर तरी आदळून सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली. त्वरण १३९. बल १८ × १३९ म्हणजे अडीच हजार न्यूटन. साध्या भाषेत, त्या क्षणी तिला धरून ठेवायला अडीच क्विंटल पेलण्याइतकी ताकद लागते. "आई, धानाची अडीच क्विंटल पोती तू हातावर झेलशील का?" असं विचारल्यावर आई काही बोलली नाही. स्वतःचा पट्टा मात्र तिने लावून घेतला.

दुसरा हिशेब उंचीचा. ५० च्या वेगाने आदळणं म्हणजे जवळजवळ दहा मीटरवरून, तिसऱ्या मजल्यावरून खाली पडणं. ९० च्या वेगाला ही उंची ३२ मीटर होते, दहा मजले. वेगाचा वर्ग भागिले १९.६, एवढंच सूत्र आहे. तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत आपण मुलाला कठड्यावर बसू देत नाही. मागच्या सीटवर पट्ट्याशिवाय उभं राहून दोन सीटच्या मधून डोकावू देतो.

मागच्या सीटला पट्टा लागत नाही हा समज किती खोल आहे ते ४ सप्टेंबर २०२२ ला दिसलं. उद्योगपती सायरस मिस्त्री पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर गेले. गाडी महागडी आणि सुरक्षित म्हणून नावाजलेली होती. मागे बसलेले दोघं पट्ट्याशिवाय होते आणि दोघंही वाचले नाहीत. पुढच्या सीटवरचे दोघं जखमी झाले, पण वाचले. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनंतर १४ वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा मुलांची सीट नसेल तर हजार रुपये दंड आहे. दंडाच्या भीतीने लावला तरी चालेल.

आणि आपल्या गावात रोज दिसणारी एक गोष्ट. लहान पोराला मांडीवर घेऊन, स्टिअरिंगला त्याचे हात लावून बाजारातून गाडी चालवणारे वडील. कौतुकाने चालवतात. स्टिअरिंगमध्ये एअरबॅग असते, ती सेकंदाच्या विसाव्या भागाच्या आत उघडते, आणि त्या बॅगच्या आणि वडिलांच्या छातीच्या मध्ये ते मूल असतं. शाळेच्या फाटकापाशी असं दिसलं की मी गाडी थांबवून सांगतो. राग येतो लोकांना, येऊ दे.

थांबायला किती जागा लागते

सिंदखेडराजाच्या जवळून जाताना गाडीत सगळे गप्प झाले. १ जुलै २०२३ च्या रात्री तिथे नागपूरहून निघालेली खासगी बस उलटून पेटली आणि २५ जण गेले. मुलाने विचारलं, "बाबा, ब्रेक मारला की गाडी लगेच थांबत नाही का?"

नाही थांबत. समोर काही दिसल्यापासून पाय ब्रेकवर जाईपर्यंत साधारण एक सेकंद जातो. मग ब्रेक लागतात, कोरड्या चांगल्या रस्त्यावर मंदन ७ मीटर प्रति सेकंद वर्ग धरू. ६० च्या वेगाला आधी १७ मीटर आणि मग २०, एकूण ३७. ९० ला २५ आणि ४५, एकूण ७०. समृद्धीवर कारची मर्यादा १२० आहे, तिथे ३३ आणि ७९, एकूण ११२ ते ११३ मीटर.

याहून महत्त्वाचा हिशेब पुढचा आहे, तो दहावीच्या मुलांकडून जरूर करून घ्या. दोन गाड्या शेजारी शेजारी, एक ९० ला, एक १२० ला. दोघांनाही एकाच क्षणी ७० मीटरवर बंद पडलेला ट्रक दिसला. ९० वाली ट्रकला टेकता टेकता थांबते. तेव्हा १२० वालीचा वेग किती असेल? मुलं ३० सांगतात. वजाबाकी करतात बिचारी. तिचा ब्रेक लागेपर्यंतच ३३ मीटर गेले, उरलेल्या ३७ मध्ये सुमारे ११११ मधून, म्हणजे ३३.३ च्या वर्गातून, २ × ७ × ३७ वजा होतात... नीट मांडलं की उत्तर येतं ताशी ८८ किलोमीटर. एक गाडी थांबलेली, दुसरी ८८ ने ट्रकवर.

येताना अंधार वर्ध्यालाच पडला. समृद्धीवरून उतरल्यावर दोन-तीन किलोमीटर साठचा वेग रांगल्यासारखा वाटतो, डोळ्यांना सवय झालेली असते. इथे काट्याकडे बघतच चालवावं लागतं. पुढे वरोरा, भद्रावती करत घराकडे यायला लागलो की तो आपला नेहमीचा रस्ता. कापूस भरलेली ट्रॉली, मागे ना दिवा ना रेडियमची पट्टी. चिखलाने नंबरप्लेट झाकलेला कोळशाचा ट्रक. मध्येच उडी मारणारं रोही, नाहीतर रानडुकराचा कळप. समोरून गाड्या येत असल्यामुळे दिवे खालीच ठेवावे लागतात, आणि नव्या गाडीचे पांढरेशुभ्र दिवे असले तरी खालच्या झोतात काळी ट्रॉली पन्नासेक मीटरच्या आतच दिसते. ८० च्या वेगाला थांबायला ५७ मीटर लागतात. म्हणजे दिसल्यावर ब्रेक मारून उपयोग नाही. ६० ला ३७ लागतात. मी ६० ने आलो, बल्लारपूरपर्यंत मागच्या प्रत्येक गाडीने हॉर्न वाजवला.

मागच्या आठवड्यात नववी-दहावीला हे मैदानावर करून दाखवलं. दोर, मोजपट्टी आणि चुना एवढंच साहित्य लागतं. एका टोकाला 'इथे दिसलं' अशी रेघ आखायची, तिथून ३७ मीटरवर एक, ७० मीटरवर दुसरी. प्रत्येक रेघेवर एक विद्यार्थी उभा करायचा. आमचं मैदान लांबीला जेमतेम ८० मीटर आहे, त्यामुळे १२० च्या रेघेसाठी दोर घेऊन मुलांना फाटकाबाहेर, रस्ता ओलांडून, समोरच्या पानठेल्यापर्यंत जावं लागलं.